तंट्याच्या कागदांतले पूर्वज

अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्याच्या पूर्व टोकास, चेसापीकचा उपसागर आणि अटलांटिक महासागर यांच्या बेचक्यातून, भूमीची एक चिंचोळी पट्टी दक्षिणेकडे उतरत गेली आहे. त्या पट्टीवरील ईस्टव्हिल या लहानशा गावी नॉर्थॅम्प्टन काउंटीचे कोर्ट असून त्याच्या दप्तरात इ. स. १६३२ पासूनचे रोजनामे सलग राहिले आहेत; काउंटी कोर्टाचे इतके जुने आणि इतके अखंड दप्तर त्या देशात दुसरे नाही. शिवछत्रपती तीन वर्षांचे होते त्या सुमारास या वह्यांचे पहिले पान लिहिले गेले, असे म्हटले म्हणजे त्यांच्या वयाची कल्पना यावी. वय सोडले तर मात्र त्यांत डोळे दिपविणारे असे काही नाही. कोणी कोणाचे डुक्कर मारले, कोणी तंबाखूचे देणे थकविले, कोणत्या बाईने शेजारणीच्या चारित्र्यावर शिंतोडे उडविले, कोणता गडी कराराची मुदत संपण्यापूर्वी पळून गेला, असल्या किरकोळ तंट्यांनी ही पाने भरली आहेत. राष्ट्राचा इतिहास लिहिणारा विद्वान ती भराभर उलटून पुढे जाईल. परंतु ज्याला आपल्या घराण्याचा किंवा आपल्या गावाचा वृत्तान्त जुळवावयाचा आहे त्याला, इतर सर्व दारे ठोठावून झाल्यावर, अखेर याच कागदांपाशी यावे लागते.

असे का व्हावे, याचे कारण त्या देशातील नोंदींच्या इतिहासात आहे. व्हर्जिनियात जन्ममृत्यूंची सरकारी नोंद १८५३ साली सुरू झाली, १८९६ साली ती बंद पडली आणि पुन्हा सुरू झाली ती १९१२ साली. खानेसुमारी १७९० पासून दर दहा वर्षांनी होत आली खरी, पण १८५० च्या पूर्वीच्या खानेसुमारीत कुटुंबप्रमुखाचे तेवढे नाव असून त्याची बायको, मुले, म्हातारी आई ही सर्व मंडळी वयाच्या रकान्यांत नुसत्या आकड्यांनी बसविलेली आहेत. चर्चच्या नोंदवह्यांपैकी थोड्याच टिकल्या. रोजनिशी लिहिण्याइतकी फुरसत आणि पत्रे जपून ठेवण्याइतके मोठे घर ज्यांच्यापाशी होते अशी माणसे शेकड्यात फार थोडी. अशा परिस्थितीत, ज्याला सहीदेखील करता येत नव्हती आणि जो कागदाच्या तळाशी एखादी फुली ओढून आपली निशाणी करीत असे, त्या सामान्य शेतकऱ्याचे नाव, गाव, वय आणि क्वचित त्याच्या तोंडचे शब्द जर कोठे उतरून ठेवलेले असतील तर ते कोर्टातच. कारण भांडण झाले, देणेघेणे झाले किंवा घरचा कर्ता पुरुष मरण पावला, म्हणजे त्याला किंवा त्याच्या वारसांना कोर्टाची पायरी चढल्यावाचून गत्यंतर नव्हते.

हे कोर्ट म्हणजे केवळ न्यायनिवाड्याची जागा नव्हती. १६३४ साली वसाहतीची आठ भागांत विभागणी झाली आणि हेच भाग पुढे काउंटी म्हणून ओळखले जाऊ लागले. प्रत्येक काउंटीत गव्हर्नराने नेमलेले काही प्रतिष्ठित जमीनदार ठरलेल्या दिवशी एकत्र बसून न्यायदान करीत. कायद्याचे शिक्षण त्यांतील बहुतेकांस नसे आणि या कामाबद्दल त्यांना वेतनही नसे. आपल्याकडील गोतसभेची येथे सहज आठवण होते. पण गोतसभेच्या महजरावर पाटील-कुलकर्ण्यांच्या जोडीने बलुतेदारांच्याही निशाण्या असत, तर व्हर्जिनियाच्या या न्यायासनावर जमीनदार तेवढे विराजमान होत, हा भेद लहान नाही. त्यांच्या हाती मुलकी आणि दिवाणी असा दुहेरी कारभार होता. कर बसविणे, रस्ते काढणे, नदीवर तर चालविण्याचा परवाना देणे, खाणावळीत दारू, जेवण, बिछाना आणि घोड्याचा चारा यांचे दर काय असावेत ते ठरविणे, लांडगा मारून त्याचे मुंडके आणणाऱ्यास बक्षीस देणे, अनाथ मुलांस पालक नेमून देणे, मृत्युपत्रे शाबीत करून घेणे, खरेदीखते नोंदविणे, हे सारे तेथेच चाले. स्वतंत्र मनुष्याच्या जिवावर बेतणारा खटला असला तर तो मात्र राजधानीच्या वरिष्ठ कोर्टाकडे जाई. काउंटी कोर्टाची ही संस्था अनेक स्थित्यंतरांतून जात राहिली आणि १९०२ च्या राज्यघटनेने ती मोडून १९०४ पासून तिचे काम सर्किट कोर्टांकडे सोपविले. जुनी दप्तरे अर्थातच त्यांच्याकडे गेली.

कोर्टाच्या कारकुनाने हा सर्व पसारा निरनिराळ्या वह्यांत मांडलेला असतो. हुकूमवहीत रोजचे निकाल. खतांच्या वहीत जमिनीचे व्यवहार. मृत्युपत्रांच्या वहीत मयताची इच्छा, त्याच्या चीजवस्तूंची यादी आणि व्यवस्थापकाचा जमाखर्च. आणि या बांधीव वह्यांव्यतिरिक्त फिर्यादी, जबान्या, समन्से, पावत्या, जामीनकतबे यांचे घड्या घालून फितीने बांधलेले सुटे कागदांचे गठ्ठे. नवखा शोधक वह्या पाहतो आणि गठ्ठे सोडून देतो. वहीत मात्र निकालापुरत्या दोन ओळी असतात. तो निकाल कशावरून झाला, कोणी काय सांगितले, कोणाचे कोणाशी नाते निघाले, हे त्या गठ्ठ्यांतच दडलेले असते.

यांतील एकेका प्रकारच्या कागदाचे मोल वेगळे आहे. जमिनीचे खरेदीखत वरवर रुक्ष दिसते: अमुक एकर, पूर्वेस ओढा, उत्तरेस खूण केलेला ओकवृक्ष, पलीकडे अमक्याची हद्द. पण नवऱ्याने जमीन विकली तरी तो मेल्यावर तिच्या तिसऱ्या हिश्श्याचा उपभोग घेण्याचा बायकोचा हक्क कायम राहत असल्यामुळे, खरेदीदार तिच्याकडून त्या हक्काचे सोडपत्र लिहून घेई. आणि ते तिने धाकदपटशाने दिलेले नाही याची खात्री करण्यासाठी न्यायाधीश तिला नवऱ्यापासून दूर, एकांतात नेऊन विचारीत. जिचे नाव खानेसुमारीत नाही आणि कबरीच्या दगडावरही नाही, अशी एखादी पणजी केवळ या एका प्रश्नोत्तरामुळे आपल्या नावानिशी प्रकट होते. हद्दींच्या वर्णनातून शेजाऱ्यांची नावे मिळतात, आणि अशी शेदोनशे खते एकापुढे एक मांडली म्हणजे त्या मुलखाचा जुना नकाशा आपोआप उभा राहतो.

लग्नाचा जामीनकतबा हा असाच दुसरा कागद. लग्नाचा परवाना मागताना नवरदेवाला, या विवाहास कायदेशीर हरकत नाही अशा हमीचा कतबा लिहून द्यावा लागे व त्यावर एक जामीनदार उभा करावा लागे. हा जामीनदार बहुधा मुलीचा बाप किंवा भाऊ असे. मुलगी अज्ञान असली तर बापाच्या संमतीची चिठ्ठी जोडलेली सापडते, आणि मुलीच्या माहेराचा थांग लावणारा अन्य कोणताही पुरावा नसताना तेवढ्या चिठोऱ्याने दोन घराण्यांची गाठ पडते.

मयताच्या चीजवस्तूंची यादी ही तर संसाराची उलगडून ठेवलेली गाठोडीच होय. कोर्टाने नेमलेले तीन-चार शेजारी घरात शिरून, काही वेळा खोल्यांच्या क्रमाने, पिसांची गादी, लोखंडी भांडे, जुनी बंदूक, चरखा, फुटका आरसा, दुभती गाय अशी एकेक वस्तू लिहून तिची किंमत मांडीत. लिहिणे-वाचणे येत होते की नाही हे पुस्तकांच्या ओळीवरून कळते. घरात कापड विणले जाई की विकत येई हे मागाच्या उल्लेखावरून कळते. आणि याच यादीत, गाईच्या वरखाली, माणसेही असतात: नुसते पाळण्यातले नाव, वय आणि किंमत. कृष्णवर्णीय अमेरिकनांना आपले गुलाम पूर्वज शोधताना सर्वांत प्रथम याच याद्या पाहाव्या लागतात, कारण मालमत्ता म्हणून ज्यांची गणना झाली त्यांची नावे मालमत्तेच्या कागदांतच राहिली.

१६८० च्या कायद्याने या बाबतीत आणखी एक विलक्षण नोंद निर्माण झाली. आफ्रिकेतून आणलेल्या गुलाम मुलावर कर कोणत्या वर्षापासून बसवावयाचा हे ठरविण्यासाठी त्याचे वय माहीत असणे आवश्यक होते, आणि ते सांगणार कोण? म्हणून मालकाने मुलाला कोर्टापुढे उभे करावे, न्यायाधीशांनी त्याच्याकडे पाहून वय ठरवावे आणि कारकुनाने ते हुकूमवहीत टिपून ठेवावे, असा प्रघात पडला. मालकाने ठेवलेले नाव आणि परक्यांनी डोळ्यांच्या अंदाजाने ठरविलेले वय, एवढ्यावर त्या मुलाची नोंद संपते. परंतु तो या किनाऱ्यावर कधी आला आणि कोणाच्या घरी गेला, हे सांगणारा दुसरा पुरावा बहुधा नसतोच.

हे कागद सुटे सुटे वाचले तर त्यांतून माहितीचे तुकडे मिळतात. एका माणसाच्या मागोमाग वर्षानुवर्षे चालत गेले म्हणजे आयुष्य हाती लागते. प्रिन्सेस ॲन काउंटीतील ग्रेस शेरवूडचे उदाहरण यासाठी पाहण्यासारखे आहे. लोककथेत ती ‘पंगोची चेटकीण’ म्हणून प्रसिद्ध आहे, आणि १० जुलै १७०६ रोजी लिनहेवन नदीत तिला बुडवून तिची पाण्याची परीक्षा घेतली, ती तरंगली म्हणून दोषी ठरली, एवढीच हकिगत लोकांना ठाऊक असते. कोर्टाच्या वह्या मात्र आठ वर्षे मागे नेतात. १६९८ साली ग्रेस आणि तिचा नवरा जेम्स हे स्वतःच फिर्यादी होते. ग्रेसने आमच्या डुकरांवर व कपाशीवर करणी केली असे एक शेजारी जोडपे म्हणत होते. दुसऱ्या जोडप्यापैकी एलिझाबेथ बार्न्स नावाची बाई तर असे सांगत होती की, ग्रेस रात्री येऊन आपल्या पाठीवर स्वार झाली आणि काळ्या मांजरीच्या रूपाने कुलपाच्या भोकातून किंवा दाराच्या फटीतून निघून गेली. शेरवूड पतिपत्नींनी दोघांवरही अब्रूनुकसानीचे दावे लावले आणि दोन्ही हरले. १७०१ साली नवरा वारला. १७०५ साली ग्रेसने ल्यूक हिल व त्याची बायको यांच्यावर मारहाणीची फिर्याद केली. मागणी पन्नास पौंडांची होती, पदरात पडले वीस शिलिंग. आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत त्याच ल्यूक हिलने ती चेटकीण असल्याची तक्रार गुदरली.

इतके वाचल्यावर ‘चेटूक’ या शब्दाभोवतीचे धुके विरळ होऊ लागते, आणि एक विधवा, तिच्या नावची शेतजमीन, आणि वर्षानुवर्षे खदखदत राहिलेली शेजारभांडणे असे चित्र स्पष्ट दिसते. ग्रेसच्या अंगावरील खुणा तपासण्यासाठी बायकांची जी ज्यूरी नेमली गेली, तिची प्रमुख कोण होती? तीच एलिझाबेथ बार्न्स, जिच्यावर ग्रेसने आठ वर्षांपूर्वी दावा लावला होता. एकटी १७०६ ची नोंद वाचणाऱ्यास हे नाव काहीच सांगत नाही. १६९८ ची नोंद ज्याने वाचली आहे त्याला ते सर्व काही सांगते. त्याच रोजनाम्यात आणखी एक वाक्य आहे. परीक्षा प्रथम जुलैच्या पाच तारखेच्या सुमारास व्हावयाची होती. पण पाऊस लागला असल्याने तिच्या प्रकृतीस अपाय होईल, म्हणून ती पुढच्या बुधवारवर ढकलण्यात आली. जिला नदीत टाकावयाचे तिला सर्दी होऊ नये याची काळजी वाहणारे हे न्यायाधीश क्रूर होते की भांबावलेले होते, याचा विचार त्या एका वाक्याने करावा लागतो. असा तपशील कोणत्याही कादंबरीकाराला सुचला नसता. पुढे १७१४ साली तिला एकशे पंचेचाळीस एकर जमीन परत मिळाल्याची नोंद आहे, १७३३ साली तिने मृत्युपत्र केले आणि १७४० साली ते कोर्टात शाबीत झाले. लोककथेने जिला नदीत सोडले होते ती बाई शेतीभाती करीत म्हातारी होऊन घरी वारली, हे कोर्टाच्या कारकुनाने लिहून ठेवले म्हणून आपण जाणतो. तीनशे वर्षांनी, १० जुलै २००६ रोजी, व्हर्जिनियाच्या गव्हर्नरांनी तिला अनौपचारिक रीत्या दोषमुक्त केले.

नॉर्थम्बरलँड काउंटीच्या वह्यांत एलिझाबेथ की हिचा दावा आहे. एका कुटुंबाच्या हकिगतीतून साऱ्या वसाहतीचा इतिहास कसा उलगडतो हे त्यावरून ध्यानी येते. तिचा बाप टॉमस की हा वसाहतीच्या कायदेमंडळाचा इंग्रज सभासद, आई आफ्रिकन गुलाम. बापाने तिला लहानपणी नऊ वर्षांच्या मुदतीने दुसऱ्याच्या स्वाधीन केले होते. मुदत उलटून कितीतरी वर्षे गेली, मालक बदलला, आणि १६५५ साली तो दुसरा मालक वारला तेव्हा त्याच्या मिळकतीचा कारभार पाहणाऱ्यांनी तिला कायमची गुलाम धरले. तिने स्वातंत्र्याचा दावा लावला. साक्ष द्यावयास एलिझाबेथ न्यूमन नावाची ऐंशी वर्षांची, किंवा त्या सुमाराची, म्हातारी आली आणि तिने सांगितले की, ही की साहेबांची मुलगी ही गोष्ट सर्वतोमुखी आहे, आणि त्याबद्दल त्यांना कोर्टात दंडही झाला होता. काउंटी कोर्टाने दावा मान्य केला, वरिष्ठ कोर्टाने फिरविला, प्रकरण कायदेमंडळाच्या समितीपुढे गेले आणि अखेर १६५६ साली एलिझाबेथ स्वतंत्र ठरली. तिचे वकीलपत्र घेणाऱ्या विल्यम ग्रिन्स्टेडशीच तिने लग्न केले. सहा वर्षांनी, १६६२ साली, मूल स्वतंत्र की गुलाम हे आईच्या स्थितीवरून ठरेल असा कायदा वसाहतीने केला. बापाच्या नावावर स्वातंत्र्य मागण्याची जी वाट एलिझाबेथला सापडली होती ती त्याने कायमची बुजविली. ग्रिन्स्टेड घराण्याचे वंशज आज आपला वृक्ष त्या दाव्यापर्यंत नेतात, आणि अमेरिकेतील गुलामगिरीचा कायदा कसा घडत गेला हे सांगणारा इतिहासकारही त्याच कागदांपासून सुरुवात करतो.

तथापि या कागदांवर आंधळा विश्वास ठेवून चालत नाही. फिर्यादी जे लिहितो ते त्याचे म्हणणे असते, वस्तुस्थिती नव्हे. प्रतिवादीचा जबाब ही त्याची ढाल असते. साक्षीदार नात्यातला, ऋणको किंवा धाकातला असू शकतो. मग अशा पक्षपाती कागदांवर इतिहास कसा उभारावा? याचे उत्तर असे की, वादाच्या मुद्द्यावर मनुष्य खोटे बोलतो, परंतु वादाबाहेरच्या गोष्टींत खोटे बोलण्याचे त्याला कारण नसते. हद्दीच्या दाव्यात साक्ष देणारा म्हातारा कोणता ओढा कोणाच्या बाजूस होता याविषयी पक्षपात करील. पण मी तेव्हा बारा वर्षांचा होतो, अमक्याकडे कामास होतो, माझा चुलता गिरणीवर होता आणि वाटेत ख्रिस्ती सभागृह नव्हते, हे तो सहज सांगून जातो. न्यायाधीशाला ज्याचे काडीचे महत्त्व नव्हते तेच आपल्याला हवे असते. तो कागद आपल्यासाठी लिहिलेला नाही, हीच त्याची सर्वांत मोठी ग्वाही होय. घराण्याची बखर सांगणारा भाट ऐकणाऱ्याकडे पाहून सांगतो, कोर्टाच्या साक्षीदाराला आपण ऐकत आहोत याची दादच नसते.

वाचणाऱ्याने काही पथ्ये सांभाळली पाहिजेत. १७५२ पूर्वी इंग्रजी वर्ष २५ मार्च रोजी सुरू होत असल्याने जुन्या वहीतील १६३२ चा जानेवारी हा आपल्या हिशेबाने १६३३ चा ठरतो. हे न जाणल्यामुळे कित्येक मुले आईबापांच्या लग्नापूर्वी जन्मलेली दिसतात. एकाच गावात ‘सिनियर’ आणि ‘ज्युनियर’ असे दोन जॉन असले की ते बापलेक समजण्याचा मोह होतो, पण काका-पुतणे, किंवा एकमेकांशी काहीही नाते नसलेले दोन शेजारीदेखील वयाच्या फरकाने तसे ओळखले जात. मृत्युपत्रात एखाद्या मुलाचे नाव नाही म्हणून तो मुलगा नव्हता असे म्हणता येत नाही. १७८५ च्या कायद्याने ज्येष्ठाधिकार रद्द होईपर्यंत बिनवाटपाची जमीन आपोआप थोरल्याकडे जाई, त्यामुळे बापाला त्याचा उल्लेख करण्याची गरज वाटत नसे. चीजवस्तूंच्या यादीत जमीन नसते, म्हणून मयत भूमिहीन होता असेही नव्हे. वारसांची पुरी नामावळी हवी असेल तर समन्यायाचे दावे, ज्यांना तेथे चॅन्सरीचे दावे म्हणतात, ते धुंडाळावेत. वाटणीच्या दाव्यात प्रत्येक वारसाला, तो दूर टेनेसीत किंवा मिसुरीत जाऊन राहिला असला तरी, पक्षकार करावे लागे, त्यामुळे परागंदा झालेली भावंडेही त्यांत नावा-गावांनिशी सापडतात.

या दप्तरांचा सर्वांत मोठा शत्रू अग्नी. १७८७ साली न्यू केंट काउंटीत जॉन प्राइस पोझी याने तुरुंगाबरोबर कोर्टाच्या कारकुनाची कचेरीही जाळली, आणि त्याला फाशी झाली. यादवी युद्धाच्या धामधुमीत अनेक काउंट्यांनी आपली दप्तरे सुरक्षित राहावीत म्हणून राजधानी रिचमंड येथे पाठविली, आणि एप्रिल १८६५ मध्ये सैन्य माघार घेत असताना शहराला लागलेल्या आगीत तीच जळून खाक झाली. ज्यांनी सावधगिरी बाळगली त्यांचेच नुकसान झाले. बकिंगहॅमचे कोर्ट, ज्याचा आराखडा टॉमस जेफर्सन यांचा होता, १८६९ साली जळाले. अशा काउंट्यांस तेथील शोधक ‘जळालेल्या काउंट्या’ म्हणतात. तेथील मनुष्य शोधावयाचा तर तो शेजारच्या काउंटीत कोठे जमीनदार, साक्षीदार वा जामीनदार होता ते पाहावे लागते, कारण जमीन आणि सोयरीक काउंटीच्या सीमेवर थांबत नसे.

जे वाचले ते राखण्याचे काम मात्र पद्धतशीर झाले आहे. रिचमंड येथील लायब्ररी ऑफ व्हर्जिनिया या राज्य ग्रंथालयात वह्यांच्या सूक्ष्मफिती आहेत. यूटा येथील मॉर्मन पंथीयांच्या वंशावळी संस्थेने धार्मिक निष्ठेपोटी यांतील कितीतरी दप्तरांची चित्रे घेतली. चॅन्सरीचे गठ्ठे एकेक करून उलगडले, साफ केले, सूचीबद्ध केले गेले आणि त्यांपैकी पुष्कळांची चित्रे आता संगणकावर घरबसल्या पाहता येतात. राज्याच्या महामार्ग संशोधन विभागाने जुन्या हुकूमवह्यांतून रस्त्यांसंबंधीचे हुकूम उतरून काढून काउंटीवार प्रसिद्ध केले, आणि रस्ते दुरुस्त करण्यास कोणकोण लोक नेमले होते याच्या त्या याद्या गावाचा इतिहास लिहिणाऱ्यास वस्तीचा क्रमच दाखवितात.

ही सारी परकी गोष्ट आहे, तिच्याशी आपला काय संबंध, असे एखाद्या मराठी वाचकास वाटेल. म्हणून पश्चिम किनाऱ्यावरच्या एका काउंटीतील नोंदीकडे वळतो. अमेरिकेचे नागरिकत्व देण्याचा अधिकार १७९० पासून स्थानिक न्यायालयांनाही होता. १९१४ साली कॅलिफोर्नियातील लॉस एंजेलिस काउंटीच्या सुपीरियर कोर्टापुढे हिंदुस्थानातून गेलेल्या सखाराम गणेश पंडित यांचा नागरिकत्वाचा अर्ज आला. सरकारने हरकत घेतली, कारण कायदा ‘गोऱ्या मनुष्यास’ नागरिक करण्याचा होता. न्यायाधीशाने पुरावा ऐकून अर्ज मंजूर केला. पंडित पुढे वकील झाले आणि भगतसिंग थिंड या दुसऱ्या हिंदी गृहस्थांचा नागरिकत्वाचा खटला त्यांनी देशाच्या सर्वोच्च न्यायालयात लढविला. १९२३ साली हिंदी मनुष्य ‘गोरा’ नव्हे असा त्यात निर्णय लागला, आणि सरकारने पूर्वी नागरिकत्व मिळालेल्या हिंदी लोकांची नागरिकत्वपत्रे रद्द करण्याचा सपाटा लावला. पंडितांवरही दावा आला. १९२६ साली अपील न्यायालयाने तो फेटाळला. मुद्दा असा की १९१४ मध्ये हा प्रश्न दोन्ही बाजू ऐकून काउंटीच्या कोर्टात निकालात निघाला होता, सरकारने तेव्हा अपील केले नाही, आता तो पुन्हा उकरून काढता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाचा जो सिद्धान्त इतरांवर कोसळला त्यापासून या एका मनुष्याचा बचाव स्थानिक न्यायालयाच्या बारा वर्षांपूर्वीच्या हुकूमाने झाला. अमेरिकेत गेलेल्या भारतीयांच्या पहिल्या पिढीचा इतिहास ज्यांना लिहावयाचा आहे त्यांना राजधानीतील दप्तराइतकेच त्या त्या काउंटीचे नागरिकत्वाचे रजिस्टरही पाहावे लागेल, हे यावरून उघड आहे.

अशा शोधाला निघणाऱ्याने आपल्या पूर्वजाचे तेवढे नाव वेचून बाकीचे पान सोडून देऊ नये. जामीन कोण राहिला, यादी करावयास कोण आले, मुलाला उमेदवारीस कोणी ठेवून घेतले, रस्त्याच्या कामावर त्याच्या शेजारी कोणाचे नाव आहे, ही नावे तीनचार वेळा फिरून आली की ती सोयऱ्यांची निघतात, आणि ज्या कागदात पूर्वज स्वतः नाही त्या कागदानेही त्याचा ठाव लागतो. सापडणारा पूर्वज मात्र घरच्या भिंतीवर टांगलेल्या तसबिरीसारखा असेलच असे नाही: तो देणेकरी असेल, अब्रूनुकसानीच्या दाव्यात हरलेला असेल, दुसऱ्या माणसांची किंमत मांडून त्यांवर सही करणारा असेल किंवा ज्याची किंमत मांडली गेली तो असेल. घराण्याचा इतिहास लिहिणाऱ्याने हे सर्व जसेच्या तसे उतरून घ्यावे, कारण शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या देखत, शपथेवर, काहीतरी गमावण्याच्या भीतीने बोलणारा मनुष्य हाच तो मनुष्य होता, आणि एरवी त्याचे बोलणे कोणी लिहूनही ठेवले नसते.